बेल वाजवायची सवय

पत्र:

ताई, वय ५१. लग्न केलं नाही, आणि करायचं राहून गेलं असंही नाही. फोर्टमध्ये एका विमा कंपनीत नोकरी करते. जन्म, शाळा, कॉलेज सगळं गिरगावातल्या चाळीत झालं. चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही मायलेकी भाड्याच्या जागेत राहिलो आणि तिथेच आई गेली. नव्या घराचा ताबा तिच्यानंतर मिळाला. आता चौदाव्या मजल्यावर मी एकटी असते. खरं सांगू? मला आवडतं. कामावरून येऊन दार लावलं की हायसं वाटतं. पण रविवारी दुपारी चारच्या सुमारास घर खायला उठतं, का ते कळत नाही. शेजारी आमचेच चाळकरी आहेत, तरी लिफ्टमध्ये ‘काय, बरं ना?’ याच्यापुढे गाडी जात नाही. पहिल्या आठवड्यात सवयीने दार उघडं ठेवायचे, तर समोरच्या सूनबाई म्हणाल्या, “दार लोटून घ्या ना, आमचा लहान सारखा तुमच्याकडे पळतो.” तेव्हापासून लावलेलंच असतं. दादा-वहिनी डोंबिवलीला असतात. फ्लॅट भाड्याने दे आणि आमच्याकडे ये म्हणतात, बाईमाणसाने एकटं राहणं बरं नव्हे. हल्ली त्यांचे फोन मी उचलत नाही. मला कुणाचीच गरज वाटत नाही. माझं काही बिघडलंय का? आणि रात्री बाथरूममध्ये पाय घसरला तर कुणाला कळेल, हा विचार हल्ली रोज येतो.

– एक वाचक, गिरगाव

उत्तर:

बिघडलेलं काही नाही. आणि डोंबिवलीला जाऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. ही दोन उत्तरं आधी देऊन टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं लक्ष तिकडेच लागून राहील.

आता भांडण. तुम्ही लिहिता, मला कुणाचीच गरज वाटत नाही. लगेच खाली लिहिता, पाय घसरला तर कुणाला कळेल. एकाच कागदावर ही दोन वाक्यं शेजारी शेजारी बसली आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत. बाथरूमच्या फरशीवर उपाय आहे, तो सांगतेच. पण रोज रात्री येणारा तो विचार फरशीबद्दल आहे असं मला वाटत नाही. आपण आहोत की नाही याची खबर आता कुणी ठेवतं का, असं तुम्ही विचारताय.

आधी आवडण्याबद्दल. दार लावून हायसं वाटतं, तर वाटू द्या. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काय आहे? दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी, टोकाला संडास. तिथे रडायलासुद्धा जागा नसायची. संडासात जाऊन रडावं, तर दोन मिनिटांत बाहेर कुणीतरी बादली आपटायचं. पाहुणे कुणाकडे आले, मुलगी किती वाजता परतली, कुणाच्या घरी कालपासून अबोला आहे, सगळं मजल्याला ठाऊक. अशा ठिकाणी चाळीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला बंद दाराचं सुख व्हायलाच हवं. चाळीच्या आठवणींनी गळा काढणारे बहुतेक लोक स्वतंत्र बेडरूममध्ये बसून गळा काढत असतात, हे लक्षात असू द्या.

शिवाय या शहरात माणसं एकटी आली पुष्कळ, एकटी राहिली फार थोडी. गिरण्यांच्या काळात कोकणातून आणि घाटावरून पुरुष आले ते बायकामुलांना गावी ठेवून. पण राहायचे गावकीच्या खोल्यांत. एकेका खोलीत गावचे वीस-वीस जण; कुणी पहिल्या पाळीला, कुणी तिसऱ्या, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. जेवण खानावळीत. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या बायका नुसत्या पोळ्या लाटत नव्हत्या. गिऱ्हाईक सलग दोन वेळा ताटावर आलं नाही तर ‘काय झालं रे त्याला’ अशी चौकशी व्हायची. माणसाचं कुटुंब कित्येक कोसांवर, पण तो दिसला नाही हे कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

बाईने मात्र स्वतःच्या नावच्या घरात, स्वतःच्या पगारावर, कुणाच्या आधाराने नाही आणि कुणाच्या धाकात नाही, असं राहणं हे तुमच्या-माझ्या पिढीतलंच. लोकांची नजर अजून त्याला सरावलेली नाही. पुरुष एकटा राहिला तर शेजारी डबा पाठवतात, बाई एकटी राहिली तर प्रश्न पाठवतात. त्यांना सवय व्हायला वेळ लागेल. तोवर तुम्ही कुठेही जायची गरज नाही.

रविवारचे चार हे वेगळं प्रकरण आहे, आणि मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तेच महत्त्वाचं वाटलं.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते, पुढे मनोविश्लेषक झाले. माणसाला एकटं असणं कसं जमतं, यावर १९५८ साली त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं ऐकताना आधी उलटंच वाटतं. मूल एकटं राहायला शिकतं ते कुणीतरी जवळ असताना, असं ते म्हणतात. आई खोलीत आहे, तिचं काम चाललंय, ती मुलाशी बोलत नाही. मूलही तिच्याकडे बघत नाही, आपल्या नादात आहे. ती आहे, एवढंच पुरतं. तो भरवसा हळूहळू मुलाच्या आत मुरतो आणि मग ती खोलीबाहेर गेली तरी चालतं.

आता तुमची चाळीतली खोली डोळ्यांपुढे आणा. रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, गॅलरीत सामसूम. तुम्ही कॉटवर पुस्तक घेऊन आडव्या, आई खाली सुपात तांदूळ निवडत बसलेली. खडा सापडला की ती तो चिमटीने बाजूला टाकते, तेवढाच आवाज. तासभर कुणी कुणाशी बोललेलं नाही. चार वाजले की ती गुडघ्यावर हात ठेवून उठते, आधण टाकते, आणि न विचारता तुमच्या उशाशी कप येतो. हे मी मनाने लिहितेय, तुमच्या घरचे तपशील वेगळे असतील. पण एकटं बसायची जी गोडी तुम्हाला आहे ती अशाच दुपारींतून लागली असणार. तुमच्या एकटं बसण्यात आई होती. आठवडाभर ऑफिस, गाडी, बाजार यांत ते जाणवत नाही. रविवारी चारला जाणवतं, कारण तेव्हा कप यायचा.

म्हणून तो वेळ माणसांनी भरून काढायला जाऊ नका. एका माणसाची जागा दहा जण आणून भरत नाही. डोंबिवलीत चौघांच्या घरातही चार वाजायचे ते वाजतीलच, आणि तिथे डोळे पुसायला पुन्हा संडास शोधावा लागेल. तुमच्या बाबतीत आणखी एक झालंय. आई ज्या घरात राहिली ते पाडलं गेलं, जिथे गेली ते भाड्याचं होतं, तेही सोडलं. तिला आठवत बसावं अशी जागाच हाताशी राहिली नाही. नव्या घरात तिची एखादी वस्तू नीट दिसेल अशी ठेवली आहे का? सूप, पाट, अडकित्ता, काहीही. माळ्यावर खोक्यात असेल तर काढा. रविवारी चारला चहा करा आणि तिला ओळखणाऱ्या एखाद्या बाईला फोन लावा. मावशी असतील, चाळीतल्या कुणी असतील. तिच्याबद्दल बोला. आठवणींनी त्रास होईल म्हणून लोक हे टाळतात आणि मग दुसराच त्रास काढतात.

सगळेच रविवार घरात काढायला हवेत असंही नाही. माणसांत बसावं आणि कुणाशी बोलावं लागू नये, ही सोय मुंबईइतकी क्वचितच कुठे मिळेल. घरातून चालत धोबी तलावाला जा आणि कयानीत बसा; १९०४ पासूनचं इराण्याचं हॉटेल आहे, बनमस्का आणि चहा घेऊन एकेकटं बसलेल्या गिऱ्हाइकाचं तिथे कुणाला नवल नाही. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या बाईला ‘एकट्याच का?’ असं कुणी विचारत नाही. ऑफिस फोर्टलाच आहे, तर काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचं सभासदत्व घेता येईल. त्याच्या मागच्या बागेत खुर्ची टाकून वाचत बसता येतं, गाड्यांचा आवाज भिंतीपलीकडे राहतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एकांत चांगला की वाईट हा प्रश्न पत्राच्या मागे उभा आहे. त्याचं एक उत्तर नाही. आपल्या कायद्यात एकांतकोठडी ही शिक्षा आहे, आणि तीही जपून द्यायची. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७३ प्रमाणे एकूण तीन महिन्यांहून जास्त नाही, कलम ७४ प्रमाणे एका वेळी चौदा दिवसांहून जास्त नाही; नव्या न्याय संहितेतही ती तरतूद राहिली आहे. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी तर सलग पंधरा दिवसांपुढच्या एकांतकोठडीला मनाईच केली. आणि इकडे इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस तोंड न उघडता राहायला लोक आधीपासून नाव नोंदवतात. फोन, पुस्तक, वही सगळं बाहेर ठेवायचं. कैदीही गप्प, साधकही गप्प. पण साधक आपल्या पायांनी आलेला असतो, परतीची तारीख त्याला ठाऊक असते, जेवणाची घंटा वाजते, आणि न बोलणारे का होईना, आजूबाजूला शेकडो जण असतात. म्हणजे तिथेही खोलीत कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं असतंच.

तुमच्या घराचं दार आतून उघडतं. प्रश्न आहे तो बाहेरून कुणी ते वाजवतं का, याचा. इथून पुढे मी शेजाऱ्यांबद्दल बोलणार आहे.

सगळी तीच माणसं, तरी लिफ्टमध्ये गाडी पुढे जात नाही, हे गाऱ्हाणं पुनर्वसनाच्या इमारतींतून बरंच ऐकू येतं. ‘माणसं बदलली’ म्हणून सगळे मोकळे होतात. मला नाही पटत. चाळीत कुणी कुणाकडे ‘जात’ नसे. नळावर जाताना, दूध आणताना, संडासला जाताना सहा दारांवरून जावं लागायचं आणि सहाही दारं उघडी असायची. डोकावलं, ‘काय शिजतंय’ विचारलं, पुढे. संबंध राखायला कुणालाच काही करावं लागलं नाही, ते इमारतीच्या रचनेनेच करून दिलं. बेल वाजवायची, ‘आत येऊ का’ म्हणायचं, सोफ्यावर बसायचं, ‘मग, बाकी काय’ म्हणत अवघडायचं, ही सवय उपनगरातल्या ब्लॉकवाल्यांना दोन पिढ्यांपूर्वी लागली. गिरगावकराला ती पन्नाशीत, चौदाव्या मजल्यावर जाऊन लावून घ्यावी लागतेय. तुमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर कुणी ना कुणी बंद दाराआड बसून म्हणतंय की माणसं बदलली, कुणी येत नाही. त्यांतल्या एक तुम्ही आहात.

चाळीत तुमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या काकू आता कितव्या मजल्यावर असतात? माहीत नसेल तर खाली नावांच्या पाटीवर बघा, आणि वाटीत काहीतरी घेऊन जा. रिकाम्या हाताने बेल वाजवायचा संकोच वाटतो. हातात वाटी असली की ‘वाटी द्यायला आले’ म्हणता येतं. ती वाटी त्या रिकामी परत पाठवणार नाहीत, गिरगावात तरी नाही.

सूनबाईंचं ते वाक्यही पुन्हा वाचा. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी एकाकीपणावर अनेक वर्षं संशोधन केलं. एकाकीपणा हा भुकेसारखा आहे, असं ते म्हणत. माणसांची गरज आहे ही शरीराने दिलेली सूचना. पण भूक लागलेला माणूस अन्नाकडे जातो, आणि एकाकीपणा लांबलेला माणूस माणसांपासून दूर सरकतो. तो जास्त सावध होतो, साध्या बोलण्यातही नकार ऐकू लागतो. “आमचा लहान सारखा तुमच्याकडे पळतो” हे ऐकून तुम्ही दार लावलंत. मला त्यात एक मूल ऐकू येतं, ज्याला तुमच्या घरात यायचंय, आणि त्याची आई, जिला आपल्या पोराचा दुसऱ्याला त्रास होईल म्हणून ओशाळल्यासारखं झालंय. “येऊ दे की, मला त्रास नाही,” एवढं म्हणायचं राहिलं. अजून म्हणता येईल. रोज येऊ दे असं नका म्हणू, नाहीतर तुमचं हायसं वाटणं संपेल. शनिवारी सकाळी येऊ दे म्हणा.

दादा-वहिनींचे फोन न उचलणं मात्र मला अजिबात आवडलं नाही. फ्लॅट भाड्याने दे म्हणण्यात प्रेम किती आणि हिशेब किती, याची छाननी करत बसू नका. घरोघरी दोन्ही असतं. पण तुम्ही फोन उचलत नाही तेव्हा ‘ती एकटी पडलीय’ या त्यांच्या म्हणण्याला तुम्हीच पुरावा देता. एकाकीपणासाठी ब्रिटनने २०१८ साली मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. आपल्याकडे ते खातं वहिनींकडे असतं, आणि त्या ते मनापासून चालवतात. त्यांना नीट काम द्या. स्वतः फोन करा आणि म्हणा: “वहिनी, मी इथेच राहणार आहे, तो विषय आता नको. पण घराची एक किल्ली तुमच्याकडे ठेवते. आणि दर बुधवारी रात्री नऊला मी फोन करीन. साडेनऊपर्यंत नाही आला तर तुम्ही करा.” वेळ ठरली की अवेळी येणारे चौकशीचे फोन आपोआप कमी होतात. भाऊबीजेला जा, दोन दिवस राहा, मटार सोलत गप्पा मारा, परत या. भाचरं असतील, पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांतलं कुणी चर्चगेट-व्हीटीच्या बाजूला कॉलेजला येत असेल तर आठवड्यातून एकदा आत्याकडे जेवायला बोलवा. त्या वयाच्या मुलांना घरातल्या मोठ्यांपासून लांब बसायला एक शांत घर हवंच असतं.

पुढेमागे, गुडघे थकल्यावर, कुणाजवळ तरी जावं लागेल. तेव्हाचं तेव्हा. आज डोंबिवलीहून लेडीज डब्यात लोंबकळत फोर्टला यायचं वय नाही तुमचं.

आता फरशी. दूध ॲपवरून मागवत असाल तर ते बंद करून दूधवाला लावा. आमच्या इमारतीत एका निवृत्त बाईंच्या कडीला सकाळची दुधाची पिशवी दहा वाजेपर्यंत तशीच लटकलेली होती. कचरा न्यायला आलेल्या मुलाच्या ते लक्षात आलं, त्याने वॉचमनला सांगितलं. बाई आत पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर. शेजाऱ्यांकडे त्यांची किल्ली होती आणि तिचा काही उपयोग झाला नाही, कारण रात्री त्यांनी आतून कडी घातली होती. सुतार येऊन दार काढेपर्यंत दीड तास गेला. तेव्हा रात्री नुसतं लॅच लावा, बाहेरून किल्लीने उघडेल असं. सेफ्टी डोअरचंही तसंच. एक किल्ली वहिनींकडे आणि एक इमारतीतच, त्या काकूंकडे. डोंबिवलीची किल्ली यायला दोन तास लागतात. बाथरूमची कडी लावायचं कारणच नाही, घरात आहे कोण? आत धरायला स्टीलची दांडी बसवून घ्या, आणि फोन दाराबाहेर न ठेवता आत हाताला येईल असा ठेवा.

पडण्यापेक्षा पुढचं जास्त कठीण असतं. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर खिडकीतली बाई विचारते, “पेशंटबरोबर कोण आहे?” फॉर्मवर सही, डिपॉझिट, खालून औषधं आणणं, रात्री बाहेरच्या बाकावर बसणं, याला माणूस लागतं आणि ते ऐनवेळी शोधता येत नाही. तुमच्या ऑफिसात तुमच्यासारखी एकटी राहणारी एखादी मैत्रीण असेल. तिला सरळ विचारा: तुला गरज पडली तर मी येईन, मला पडली तर तू ये, चालेल? हे बोलायला जिवावर येतं, पण विचारल्यावर बहुतेक जणींचा चेहरा उजळतो, कारण त्यांनाही कुणीतरी हवं असतं. मेडिक्लेमचं कार्ड, आधारची प्रत, रक्तगट, चालू औषधं आणि त्या मैत्रिणीचा व वहिनींचा नंबर एका फोल्डरमध्ये घालून फ्रिजवर ठेवा आणि ते तिथे आहे हे दोघा-तिघांना सांगून ठेवा.

मृत्युपत्र करा. विम्यातल्या बाईला नॉमिनेशन शिकवायला नको, पण सोसायटीत नॉमिनीचं नाव लावलं म्हणजे घर त्याचं झालं असं होत नाही, हे आपल्याच माणसांना ठाऊक नसतं. साध्या कागदावर लिहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की मृत्युपत्र होतं. नोंदणी केली तर उत्तम, सक्ती नाही. साक्षीदार मात्र ज्यांना काही मिळणार आहे त्यांतले घेऊ नका. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली आणि २०२३ मध्ये सोपी केली. ते घाईने नको, पण माहीत असावं.

एका गोष्टीवर नजर ठेवा. तुम्ही ओट्यापाशी उभ्याने, पाकिटातूनच खायला लागलात, सुट्टीच्या दिवशी आंघोळ टळायला लागली, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागेनासा झाला, आणि मुख्य म्हणजे दार लावल्यावर हायसं वाटणंच बंद झालं, तर ते एकटं राहण्याचं लक्षण समजू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट आहे, कधीही लावता येते, मराठीत बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सहांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो, त्यामुळे फोन उचलणाऱ्याला तुमचं काही जगावेगळं वाटणार नाही.

छापताना तुमचा ताजा कलम गाळला, त्याचं उत्तर इथे देते. मांजर पाळू का, असं विचारलंत. आवडत असेल तर पाळा, सोबत म्हणून औषधासारखं आणू नका. मांजरांना ते कळतं आणि ती मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. चौदावा मजला आहे, तर आधी सगळ्या खिडक्यांना जाळी बसवा, पारव्यामागे झेप घेताना मांजर मजला बघत नाही. दोन दिवस डोंबिवलीला गेलात तर खायला कोण घालणार, तेही ठरवावं लागेल. आणि आणण्याआधी समोर जाऊन सूनबाईंना विचारून घ्या, त्यांच्या लहानाला मांजराची ॲलर्जी वगैरे नाही ना.